बॉनेटखालचं बाळंतपण

गाडीत बसल्यावर मॅडमचा आवाज कधी चढत नसे. समोरून ट्रक अंगावर येत असला तरी त्या “ब्रेक, हळूच” एवढंच म्हणत, आणि ते म्हणेपर्यंत त्यांच्या बाजूच्या ब्रेकवर त्यांचा पाय गेलेलाही असे. गाडी शिकवायची त्यांची शाळा अगदी लहान. पत्र्याचं छप्पर असलेली एक खोली, खोलीत रस्त्यावरच्या खुणांचा रंग उडालेला तक्ता, बाहेर कुंपण घातलेलं अंगण, आणि अंगणात पांढरी गाडी. गाडीच्या कपाळावर नि पाठीवर शिकाऊपणाची लाल अक्षरं. त्या भागातली निम्मी माणसं मॅडमच्या हाताखालून गेलेली होती. औषधाच्या दुकानात गेल्या तरी काउंटरमागून कुणी तरी म्हणे, “मॅडम, वळताना अजून मान वळवून बघतो हं!”

शंका आली की थांबायचं, आणि थांबल्यावर ठरवायचं, हा त्यांचा पहिल्या दिवशीचा धडा. त्यांना स्वतःला शंका फारशा येत नसत. डावं ते डावं, उजवं ते उजवं. एकच जागा अशी होती की जिथे त्यांची जीभ अडखळायची. थोरली बहीण नोकरीसाठी परदेशी गेली तेव्हा “माझं बस्तान बसेपर्यंत हिला सांभाळ” म्हणून आपली लहानगी मुलगी यांच्याकडे ठेवून गेली. बस्तान बसायला इतका वेळ लागला की ती भाची कॉलेज संपवूनच या घरातून बाहेर पडली. बहिणीला ती आई म्हणे, यांना मावशी. शाळेतल्या पालकसभेला मात्र मावशीच जात. “तुम्ही हिची आई का?” असं कुणी विचारलं की मॅडम ‘हो’ आणि ‘नाही’च्या मधलं काही तरी पुटपुटून पर्समध्ये चष्मा शोधायला लागत. आता भाची दुसऱ्या शहरात नोकरीला होती आणि रोज न चुकता फोन करायची.

त्या दिवशी सकाळी पहिला वर्ग काकांचा होता. काका म्हणजे नगरपालिकेतून निवृत्त झालेले नकाशे काढणारे गृहस्थ. आयुष्यभर शहरातले सगळे रस्ते कागदावर आखले, पण गाडी चालवायची त्यांची बायको. अलीकडे तिच्या डोळ्यांनी दगा द्यायला सुरुवात केली, म्हणून या वयात काकांनी स्टेअरिंग हातात घेतलं होतं. दुसऱ्या गिअरच्या वर जायचं त्यांच्या जिवावर यायचं. शेजारच्या गॅरेजमधल्या मेकॅनिकनं तर त्यांचं नावच ‘सेकंड गिअर’ ठेवलं होतं, आणि ते काकांच्या कानावर जाऊनही काका रागावले नव्हते. “खोटं काय आहे त्यात?” म्हणाले होते.

काकांनी पट्टा लावला, आरसा नीट केला, किल्ली घातली. आणि मॅडम एकदम म्हणाल्या, “थांबा.”

“काय चुकलं?” काकांनी घाबरून दोन्ही हात वर केले.

“काही नाही. ऐका.”

कुठून तरी बारीक आवाज येत होता. दार करकरावं तसा, पण दार तर बंद होतं. मॅडमनी काच खाली केली. आवाज मोठा झाला नाही. वर केली. कमी झाला नाही. रेडिओकडे बघितलं, तो बंद. काका म्हणाले, “पट्टा सैल झाला असेल इंजिनाचा.” मॅडम म्हणाल्या, “इंजिन चालूच कुठं आहे?” मग दोघंही उतरले आणि बॉनेट उघडलं.

बॅटरीच्या शेजारच्या सपाट जागेत, जुन्या पुसायच्या फडक्यावर, मांजरीची पिल्लं होती. उंदरापेक्षा थोडी मोठी, एकमेकांच्या अंगावर चढलेली, तोंडं वर करून ओरडणारी. किल्ली फिरली असती तर काय झालं असतं, हा विचार मॅडमच्या मनात आला आणि त्यांनी तो अर्ध्यातच सोडून दिला.

एवढ्यात धप्प आवाज करत मडगार्डवर ‘काकू’ चढली. काकू म्हणजे अंगणातली पिवळी, गलेलठ्ठ मांजर. कुणाचीच नव्हती, पण वर्षभर मॅडमच्या हातचं खात होती. एखाद्या लग्नघरातल्या मोठ्या बाईसारखी पाय दुमडून बसायची, म्हणून नाव काकू. ती सरळ बॅटरीजवळ उतरली आणि एका पिल्लाचं डोकं चाटायला लागली.

“अगंबाई!” मॅडम म्हणाल्या. “काकू, तू बाळंत झालीस?”

काकूनं वर बघितलंही नाही.

शेजारचा मेकॅनिक हात पुसत आला. त्यानं डोकं आत घातलं आणि एकेक मोजलं. “चार आहेत. पण मॅडम, ही बाळंतीण अजून एवढी जाडजूड कशी?”

“बाळंतपणाचं अंग आहे ते. उतरतं हळूहळू.”

“असेल बुवा. पण हात लावू नका हां. माणसाचा वास लागला की आई पिल्लं टाकून जाते.”

“मग इंजिनात ठेवू? आणि वर्ग कसे घेऊ?”

“तेही खरंच,” मेकॅनिक म्हणाला आणि कान खाजवत उभा राहिला.

काकांनी चष्मा वर करून जवळून बघितलं. “मॅडम, यांचे डोळे बघा.” पिल्लांच्या पापण्या पिवळट चिकट्यानं बंद झाल्या होत्या. एकाला शिंक आली, इवलीशी, आणि त्या शिंकेच्या धक्क्यानं ते पिल्लू उलटं पडलं. एक काळं पिल्लू मात्र ओरडतच नव्हतं. मॅडमनी मेकॅनिककडे बघितलं, मग बोट लावलंच. अंग गार.

त्यांनी भाचीला फोन लावला. ती म्हणाली, “गाईचं दूध अजिबात देऊ नकोस मावशी. आधी डॉक्टरकडे ने. थांब, नंबर पाठवते.” फोन ठेवेपर्यंत मेकॅनिक बशीत दूध घेऊन आलेला. “नको म्हणते ती,” मॅडम म्हणाल्या. “दूध नको?” मेकॅनिकचा विश्वासच बसेना. “मांजराला?” मग ते दूध कुणी प्यायचं यावर थोडा वेळ गेला. शेवटी ते काकूनं संपवलं.

प्राण्यांच्या दवाखान्यातली फोनवरची मुलगी भरभर बोलत होती, आणि मागे कुत्री भुंकत होती. “खोका घ्या, खोल असा. भोकं पाडा. खाली मऊ कापड. गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून एका कडेला, मध्ये नको. पिल्लांना नको झालं तर लांब सरकता आलं पाहिजे. मांडीवर घेऊन बसू नका. खोका सीटच्या मागे खाली ठेवा, हलणार नाही असा. एसी नको, गाणी नकोत, गाडी हळू. आणि आईला बरोबर आणा.”

“आईला त्याच खोक्यात?”

“नको. म्हणजे एरवी चालतं. पण रस्त्यावरची असेल तर वेगळीच आणा. घाबरली तर पिल्लांवर पाय देईल.”

“पण वेगळी ठेवली तर पिल्लं रडतील ना?”

“रडतील,” मुलगी म्हणाली आणि तिनं फोन ठेवला.

मॅडमनी हातातल्या फोनकडे बघितलं. आणायची म्हणजे आणायची, पण वेगळी; वेगळी म्हणजे किती वेगळी? एवढंच विचारायचं राहिलं होतं. पुन्हा लावला तर लागेना.

खोक्यावरून आणखी गोंधळ. मेकॅनिकनं आणलेल्या खोक्याला तेलाचा उग्र वास. काकांनी सुचवलेल्या चपलांच्या खोक्यात पिल्लं मावत, पण बाटली मावेना. शेवटी मॅडमनी खोलीतला छापील पत्रकांचा खोका रिकामा केला आणि पेननं भोकं पाडली. पहिली भोकं झाकणाला पाडली. मग लक्षात आलं की झाकण आपण लावणारच नाही, वरून जाळीचं फडकं बांधणार. मग बाजूंना पाडली. खाली स्वतःचा करडा टॉवेल घातला. पिल्लं उचलताना हातमोजे घालायचे की नाही यावर मेकॅनिक आणि काका यांचं एकमत होईना. तेवढ्यात मॅडमनी उघड्या हातांनीच उचलून ठेवलीसुद्धा. गार पडलेलं काळं पिल्लू त्यांनी आधी ओंजळीत धरून त्यावर फुंकरी घातल्या आणि मग बाटलीजवळ ठेवलं.

काकूसाठी धुण्याच्या कपड्यांची झाकणाची टोपली होती. ती ओरबाडेल, पळेल, सगळ्यांना वाटलं होतं. काकू टोपलीत स्वतः जाऊन बसली आणि डोळे मिटले.

“आता चालवणार कोण?” काकांनी विचारलं.

मॅडमचा हात आपसूक दाराकडे गेला, आणि तिथेच थांबला. त्या चालवायला बसल्या तर मागे खोक्यावर लक्ष कोण ठेवणार? काकांच्या हाती खोका दिला तर काकांचे हात थरथरतात. काकांच्या हाती गाडी दिली तर... त्यांनी काकांकडे बघितलं. काका अंग चोरून उभे होते.

“काका, तुम्ही चालवा.”

“मी? खऱ्या कामाला?”

“हळू चालवणारा माणूस हवाय म्हणाली ती. तुमच्यापेक्षा हळू मला कुणी माहीत नाही.”

निघण्याआधी मेकॅनिकनं इंजिनात पुन्हा एकदा हात फिरवून “काही नाही, चारच होती” असं सांगितलं. खोका काकांच्या सीटमागे खाली, दोन्ही बाजूंना उशा खोचून. शेजारी मागच्या सीटवर टोपली, पट्ट्यानं बांधलेली. मॅडम पुढे आपल्या जागेवर, पाय ब्रेकवर, आणि मान मात्र पूर्ण मागे. विद्यार्थ्यांना त्या वीस वर्षं सांगत आल्या होत्या की मान मागे आणि गाडी पुढे असं कधी करायचं नाही.

काकांनी त्या दिवशी जी गाडी चालवली ती मॅडमना पुढे कितीदा तरी आठवली. प्रत्येक खड्डा त्यांना आधी दिसायचा. गतिरोधकावरून गाडी अशी नेली की बाटलीतलं पाणीसुद्धा डुचमळलं नसेल. मागे हॉर्नची रांग लागली. एक दुधाची गाडी, एक रिक्षा, मग शाळेची बस. रिक्षावाला शेजारून जाताना ओरडला, “काका, पायी गेला असतात तर पोचला असतात!” काकांनी त्याच्याकडे बघून नम्रपणे मान हलवली.

मागून रडण्याचा आवाज येत होता तोवर मॅडमचा जीव कासावीस होत होता. मग आवाज थांबला, तर तो आणखीच कासावीस झाला. “झोपली असतील,” काका म्हणाले. “की...?” मॅडम म्हणाल्या. “झोपलीच असतील,” काका म्हणाले, पण त्यांचा आवाजही खाली गेला होता. मॅडमनी वळून जाळीखाली हात घातला. ऊब होती. काही तरी हललं. किती हललं ते कळलं नाही.

दवाखान्याची खोली फिनाइलच्या वासाची, भिंतीला लावून लाकडी बाकं, एका बाकावर पट्टी बांधलेलं कुत्रं आणि त्याचे मालक, दोघंही सारखेच दुःखी. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, केस वर बांधलेले, हात झरझर चालणारे. त्यांनी खोका स्टीलच्या टेबलावर घेतला आणि एकेक पिल्लू उचलून वजन केलं, तोंड उघडून बघितलं, पोट चाचपलं.

“डोळ्यांचा संसर्ग आहे, सर्दी आहे. थेंब देते, पुसायचं कसं तेही दाखवते. काळं पिल्लू गार पडलं होतं ना? आता बरं आहे. बाटली ठेवलीत ते चांगलं केलंत.” मग थांबून त्यांनी विचारलं, “फोनवर चार म्हणाला होतात?”

“चारच आहेत.”

“पाच आहेत.”

मॅडमनी बघितलं. टेबलावर पाच होती. पाचवं करडं, टॉवेलच्याच रंगाचं, एवढंसं. टॉवेलच्या घडीत शिरून ते कुणालाच दिसलं नव्हतं. की दिसलं होतं? मॅडमनी स्वतःच्या हातांनी उचललं असणार ना त्याला? त्यांना काही केल्या आठवेना. आणि मग त्यांच्या मनात दुसरंच आलं. चार म्हणताना पाच होती, तर पाच म्हणताना सहा नसतील कशावरून? त्या काही न बोलता बाहेर धावल्या.

“मॅडम?” मागून काका.

“बॉनेट उघडा. बॉनेट उघडा आधी!”

दोघांनी बॉनेट उघडलं. इंजिन गरम, वाफेसारखी हवा. मोबाइलचा उजेड बॅटरीखाली, पंख्यामागे, नळ्यांच्या मधून. फडकं होतं, केस होते, पिल्लू नव्हतं. मॅडमनी कान लावून ऐकलं. बारीक आवाज आला! त्यांनी काकांचा दंड धरला. “आहे! ऐका, आहे!” काकांनी ऐकलं. “मॅडम,” ते हळूच म्हणाले, “दवाखान्याच्या खिडकीतून येतोय तो.” खरंच होतं. आतली पाचही जणं एका सुरात ओरडत होती.

त्या परत आत आल्या तेव्हा डॉक्टरीणबाईंनी काहीच विचारलं नाही. अशी धावणारी माणसं त्यांनी पाहिली असावीत. “यांची आई कुठंय?” एवढंच त्या म्हणाल्या.

मॅडमनी अभिमानानं टोपली पुढे केली. झाकण उघडलं. काकू आळस देत बाहेर आली आणि टेबलावर पसरली. डॉक्टरीणबाईंनी तिच्या मानेवरून हात फिरवला, कान बघितला, शेपटी वर केली, आणि त्यांच्या चेहऱ्यावर काही तरी हललं.

“हिचं नाव काय म्हणालात?”

“काकू.”

“काकू नाही. हे काका आहेत.”

बाकावरचे कुत्र्याचे मालक पहिल्यांदाच हसले. आमचे काका, म्हणजे गाडीवाले, कानापर्यंत लाल झाले.

“म्हणजे?” मॅडम म्हणाल्या.

“म्हणजे बोका आहे. आणि त्याचं नसबंदीचं ऑपरेशन कधीच झालंय, कानाला खूण आहे बघा. म्हणजे हा बापसुद्धा नाही.”

“पण चाटत होता! मी डोळ्यांनी बघितलं. बाळंतपणाचं अंगसुद्धा...”

“खाऊन सुटलंय ते. चाटतात कधी कधी बोके. सगळेच नाही, पण असतात एकेक मायाळू.” डॉक्टरीणबाईंनी एका पिल्लाचं पोट बोटानं दाखवलं. “आणि हे बघा. पोटं भरलेली आहेत. आज पहाटे कुणी तरी यांना पाजलंय. यांची आई आहे, बाई. ती बाहेर गेली असणार, आणि परत आल्यावर तिला काही दिसलं नसणार. पिल्लं नाहीत आणि गाडीही नाही.”

मॅडमनी खोका जवळ ओढला.

“मग आता?”

“आता थेंब घाला, परत न्या, मूळ जागेजवळ खोका उघडा ठेवा आणि लांब थांबा. आई येईल. संध्याकाळपर्यंत नाहीच आली तर मला फोन करा, बाटलीनं पाजायला शिकवते.”

“पण आम्ही हात लावलाय. वास लागला असेल. मेकॅनिक म्हणाला आई टाकून जाते.”

“म्हणतात लोक. बहुतेक आया एवढ्यावरून पिल्लं टाकत नाहीत.”

थेंब कसे घालायचे ते डॉक्टरीणबाईंनी दाखवलं. उकळून कोमट केलेलं पाणी, प्रत्येक डोळ्याला नवा कापूस, आतून बाहेर पुसायचं. मॅडमना ते तीनदा विचारावं लागलं. आतून बाहेर म्हणजे नाकाकडून कानाकडे की कानाकडून नाकाकडे? नाकाकडून कानाकडे. ज्या बाईनं हजारो लोकांना डावं-उजवं शिकवलं तिला त्या दिवशी नाक आणि कान यांची दिशा लक्षात राहीना.

परतीच्या वाटेवर टोपलीतून बोका घोरत होता. मॅडमच्या डोळ्यांसमोर रिकामं अंगण आणि त्यात फिरणारी कुणी तरी मांजर, जिचा चेहरा त्यांना माहीतच नव्हता.

“जरा लवकर घ्या काका,” त्या म्हणाल्या. काकांनी पाय दाबला. खोका सरकल्याचा आवाज आला. “हळू, हळू!” काकांनी पाय काढला. “अहो पण ती वाट बघत असेल तिथं. चला ना.” काकांनी पुन्हा पाय दाबला. मग त्यांनी इंडिकेटर दिला, गाडी नीट कडेला घेतली, हँडब्रेक ओढला आणि मॅडमकडे वळून शांतपणे विचारलं:

“मॅडम, लवकर की हळू? एक काय ते सांगा. तुम्ही म्हणाल तसं.”

मॅडमनी तोंड उघडलं. मागे पिल्लं रडत होती. लवकर गेलं तर यांना दणके बसणार, हळू गेलं तर आई निघून जाणार. त्या गाडीत बसून एवढ्या वर्षांत त्यांनी कधी न उच्चारलेले शब्द त्यांच्या तोंडून बाहेर पडले.

“मला नाही माहीत.”

“बरं,” काका म्हणाले. “मग मी असं करतो. रस्ता चांगला असेल तिथं जरा पळवतो. खड्डे आले की हळू. रस्ते मला माहीत आहेत, मीच काढलेत.”

आणि पुलाकडे जाणाऱ्या सरळ, गुळगुळीत रस्त्यावर काकांनी तिसरा गिअर टाकला. तो पडला तेव्हा दोघांनीही दचकून गिअरकडे बघितलं.

अंगणात गाडी नेहमीच्या जागी लावली. खोका पुढच्या चाकाजवळ सावलीत, जाळी काढून. टोपली उघडल्यावर बोका उतरला, सरळ खोक्यात गेला आणि पिल्लांना वेढून पडला. मॅडम, काका आणि मेकॅनिक खिडकीआडून बघत होते. पिल्लं बोक्याच्या पोटात तोंड खुपसून शोधत होती, काही न सापडून चिडत होती, पुन्हा शोधत होती. बोका त्यांचे कान चाटत होता.

“त्याला बाहेर काढू का?” मॅडमनी विचारलं. “तो असला तर आई घाबरेल. पण तो नसला तर पिल्लं गार पडतील. काढू? की राहू दे?”

“मला विचाराल तर...” मेकॅनिक म्हणाला आणि पुन्हा कान खाजवायला लागला.

कुणीच काढलं नाही. बराच वेळ काही झालं नाही. काकांनी घरी फोन करून बायकोला सगळं सांगितलं. पलीकडून त्या मोठ्यानं काही विचारत होत्या आणि काका “नाही गं, बोका, बोका” असं पुन्हा पुन्हा सांगत होते.

आणि मग कुंपणाच्या भिंतीवर एक करडी, हडकुळी मांजर दिसली. एक कान फाटका, शेपटी दोरीसारखी. ही मांजर मॅडमनी पाहिली होती. काकूच्या बशीत तोंड घालते म्हणून गेले कित्येक दिवस तिला हाकलत होत्या. कालच तर तिच्या अंगावर तांब्याभर पाणी फेकलं होतं. पाजणारी आई भुकेनं यायची आणि त्या तिला चोरटी समजून पळवून लावायच्या, आणि आयता बोका बाळंतिणीचं खात बसायचा.

करडी मांजर अंगणात उतरली. खोक्याकडे तिनं बघितलंच नाही. ती गाडीखाली शिरली, आणि थोड्या वेळानं इंजिनातून तिचा आवाज यायला लागला. लांब, घोगरा, मध्येच तुटणारा. ती तिथल्या तिथे फिरत हाका मारत होती. मॅडमनी खिडकीचा गज घट्ट धरला. काकांनी पुटपुटल्यासारखं म्हटलं, “अगं इकडे, बाहेर आहेत, खाली बघ.”

खोक्यातून करड्या पिल्लानं उत्तर दिलं. इंजिनातला आवाज थांबला. मांजर बाहेर आली, जमिनीला पोट टेकवत खोक्यापाशी गेली आणि आत बघितलं. आत बोका.

“आता मारामारी,” मेकॅनिक म्हणाला.

मांजरीनं एकदाच फिस्स केलं. बोक्यानं डोळे मिचकावले आणि थोडा सरकला. बस, थोडाच. ती त्याच्या पाठीवरून पाय टाकून आत शिरली, कुशीवर पडली, आणि पाचही पिल्लं क्षणात गप्प झाली. बोका खोक्याच्या कोपऱ्यात अर्धा आत, अर्धा बाहेर असा लोंबकळत राहिला, पण उठला नाही.

मॅडमनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग त्या उठल्या, काकूच्या बशीत अंडं कुस्करलं आणि लांबूनच खोक्याकडे सरकवलं. करडीनं त्यांच्याकडे संशयानं बघितलं. तिचा तो हक्कच होता.

त्या दिवशी भाचीनं फोनवर सगळं ऐकून घेतलं. मध्ये मध्ये ती हसत होती. “मग तो बोका त्यांचा लागतो तरी कोण?” तिनं विचारलं.

“तेच तर मला कळत नाही. आई नाही, बाप नाही. ओळखही नव्हती कदाचित त्याची.”

“मांजर आहे ना? मग मावशीच लागत असेल.”

मॅडम हसल्या. भाची म्हणाली, “मावशी, मी पुढच्या महिन्यात येते. आईपण येणार आहे सुट्टीला, पण मी आधी तुझ्याकडे येते.” “पट्टा लावून ये,” त्या म्हणाल्या आणि फोन ठेवून दिला. मग वाटलं, बसनं येणाऱ्या माणसाला पट्टा कसला? परत फोन करून सांगावं का, याचा विचार करत त्या बराच वेळ बसून राहिल्या.

पुढे पिल्लांचे डोळे उघडले. थेंब मॅडम घालायच्या, पिल्लू काका धरायचे, आणि रोज नाक की कान यावरून एकदा तरी वाद व्हायचा. करडी अंग धरायला लागली. तिचंही ऑपरेशन करून आणलं; त्या खेपेला ती टोपलीत अशी पिसाळली की मॅडमच्या मनगटावर त्याची खूण कायमची राहिली. पिल्लं मोठी झाल्यावर दोन काकांच्या बायकोनं नेली. दिसत कमी असलं तरी हाताला कळतात म्हणाल्या. एक मेकॅनिककडे गेलं, एक डॉक्टरीणबाईंच्या ओळखीत. करडं पिल्लू कुठेच गेलं नाही. बोक्याला सगळे अजून काकूच म्हणतात. काका म्हटलं तर बोका आणि काका दोघंही वळून बघतात.

आणि मॅडमनी एक नवी सवय लावून घेतली. गाडीत बसण्याआधी बॉनेटवर हातानं जोरात थाप मारायची, थोडं थांबायचं, ऐकायचं, मगच दार उघडायचं. याचं कारण त्या कुणाला सांगत बसल्या नाहीत. शिकायला येणाऱ्यांना वाटलं हाही धड्याचाच भाग आहे: आधी थाप, मग पट्टा, मग आरसा. परवा परवान्याच्या परीक्षेला त्यांची एक विद्यार्थिनी गेली. तिनं गाडीला फेरी मारली, बॉनेटवर थाप दिली आणि मान वाकवून ऐकत उभी राहिली. परीक्षकांनी विचारलं, “हे काय?”

“मॅडमनी शिकवलंय,” ती म्हणाली.

“पण कशासाठी?”

तिला सांगता येईना. परीक्षकांनी तिच्याकडे बघितलं, बॉनेटकडे बघितलं, आणि स्वतःही जरा वाकून कान दिला.